वाचनालयाच्या सर्चमध्ये नेमकं पुस्तक वर कसं आणावं

‘निपाणी तंबाखू आंदोलन १९८१’. सीमाभागातल्या एका वाचनालयाची सूची मी इलास्टिकसर्च या शोधाच्या सॉफ्टवेअरवर चढवली आणि एका वाचकानं पहिल्याच दिवशी हे टाइप केलं. सगळ्यात वर आली ती तंबाखू लागवडीची एक बारीकशी पुस्तिका. आंदोलनावरचं पुस्तक कपाटात होतं, पण त्या वाचकाच्या लेखी ते नव्हतंच.

लगेच सेटिंगला हात लावू नका. आधी ग्रंथपालांजवळ बसा. लोक कोणत्या शब्दांत पुस्तक मागतात आणि तुम्ही त्यांना कुठलं काढून देता, हे विचारून २५-३० जोड्या वहीत उतरवा. पुढचा प्रत्येक बदल या वहीवर तपासायचा.

मग शब्द जुळवा. सर्च प्रत्येक पुस्तकाला गुण देऊन क्रम लावतो, पण शब्दच जुळला नाही तर गुण द्यायचे कशाला? मजकुराचे शब्द पाडून त्यांची रूपं एकसारखी करतो तो अ‍ॅनालायझर; इलास्टिकसर्चमध्ये मराठीचा तयार अ‍ॅनालायझर नाही. हिंदीचा जसाच्या तसा घेतला तर तो हिंदीचे प्रत्यय छाटतो, म्हणून त्यातले दोन-तीन फिल्टर, म्हणजे शब्दावर एकेक बदल करणारे टप्पे, तेवढे उचला. ‘डेसिमल डिजिट’ लावला की १९८१ देवनागरीत लिहा नाहीतर इंग्रजी आकड्यांत, एकच धरलं जातं. ‘हिंदी नॉर्मलायझेशन’ दीर्घ ऱ्हस्व करतो. आपल्याकडे ‘खानापूर’चं ‘खानापुरात’ होताना ‘पू’चा ‘पु’ होतो, तिथे हा फार उपयोगी पडतो. राहिलेल्या ‘आत’साठी ‘खानापूर’ आणि ‘खानापुरात’ ही जोडी समानार्थी शब्दांच्या यादीत घाला. बेळगाव आणि बेळगावी यांनाही त्याच यादीत बसवा. २०१४ मध्ये सरकारी नाव बदललं, पण माणसं दोन्ही लिहितात. हे फिल्टर बदलले की सगळी सूची पुन्हा इंडेक्स करावी, म्हणजे नव्यानं चढवावी लागते.

आता वजन, म्हणजे शब्द कुठे सापडला त्यावरून गुण किती पट धरायचे ते. शीर्षकाला ३, विषयाला २, सारांशाला १ असं सुरू करा. हे शोधतानाच लागू होतं, त्यामुळे बिनधास्त बदलून बघा.

तरीही गडबड वाटली तर ‘एक्सप्लेन’ चालू करा. कुठल्या शब्दाला किती गुण मिळाले ते दिसतं. आमच्या पुस्तिकेचा सारांश दोनच ओळींचा होता. गुण मोजायच्या बीएम२५ पद्धतीत आखूड मजकुराला झुकतं माप मिळतं. ते ‘बी’ या आकड्यावर ठरतं आणि तो मुळात ०.७५ असतो. सारांशापुरता मी तो ०.३ केला. ‘के१’ मुळात १.२ असतो, शब्द पुन्हा पुन्हा आला तर किती भाव द्यायचा ते त्यावर ठरतं. त्याला मी हात लावला नाही.

वाचकप्रिय पुस्तक वर आणायचा मोह होतो. त्यासाठी ‘फंक्शन स्कोअर’ आहे, पण इथे जपून. किती वेळा पुस्तक नेलं, त्या संख्येत १ मिळवून लॉग घेतात आणि मूळ गुणांना त्यानं गुणतात. एकदाही न नेलेल्या पुस्तकाचा लॉग शून्य, म्हणजे त्याचे सगळेच गुण शून्य! कालच आलेलं नवं पुस्तक यानं तळाला जातं. म्हणून गुणाकार काढून बेरीज ठेवा, तीही अगदी थोडी.

प्रत्येक बदलानंतर अख्खी वही चालवा. शीर्षकाचं वजन ५ केल्यावर आमचं निपाणीचं उत्तर छान आलं, पण ‘मलप्रभा उगम’ बिघडलं. मलप्रभा नदी उगम पावते त्या कणकुंबीची माहिती ज्या पुस्तकात आहे, त्याच्या शीर्षकात मलप्रभेचं नावच नाही. वजन परत ३ वर आणलं, तेव्हा दोन्ही पुस्तकं वर आली.