सलाईन लावूनही थकवा जात नाही? अंगातलं पाणी भरून काढताना या चुका टाळा

"सिस्टर, आईला एक बाटली लावून द्या, फार गळून गेलीय." आधी वॉर्डात आणि आता घरोघरी शुश्रूषेला जाताना हे मी कायम ऐकत आले आहे. त्यामागची काळजी खरी असते. पण जे पाणी महिनोन्‌महिने कमी पडत आलंय, ते एका दुपारच्या बाटलीनं भरून निघत नाही. चुकीच्या माणसाला चुकीची बाटली लागली, तर ती जिवावरही बेतते.

पाणी जातंय कुठे, हे न बघणं

ही सगळ्यात मोठी चूक. उलट्या-जुलाबांत कारण डोळ्यांसमोर असतं. जुन्या डिहायड्रेशनचं तसं नसतं, ते शोधावं लागतं. म्हाताऱ्या माणसांना तहान लागणंच कमी होतं. बीपी किंवा हृदयासाठी चालू असलेली लघवीची गोळी उन्हाळ्यातही तेवढ्याच डोसनं चालू राहते. ऊसतोडीला किंवा शेतावर जाणाऱ्या बाया आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत. आणि शुगर! रक्तातली साखर वाढली की ती लघवीवाटे बाहेर पडताना पाणी सोबत ओढून नेते.

एक आजोबा माझ्या चांगले लक्षात आहेत. दर पंधरा दिवसांनी गावातल्या दवाखान्यात त्यांना सलाईन लागायचं. दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तोंड कोरडं, पुन्हा चक्कर. मी घरी गेले तेव्हा बोटातून शुगर बघितली, ती चारशेच्या वर निघाली. त्यांना लागत होती ती डीएनएसची बाटली, म्हणजे मीठ आणि ग्लुकोज दोन्ही असलेली. ज्या साखरेमुळे पाणी जात होतं, तीच शिरेतून आत जात होती. मला अजूनही त्याचा राग येतो, कारण तपासणीला एक मिनिट पुरलं असतं.

म्हणून पहिल्या बाटलीआधी शुगर, बीपी, सोडियम-पोटॅशियम (रक्तातले क्षार) आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) बघा असं डॉक्टरांना सांगायला संकोचू नका. चालू गोळ्यांची पिशवी सोबत न्या. गोळ्या मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका.

बाटलीत ताकद असते, हा समज

साध्या सलाईनच्या 500 मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे एका बाटलीतच जवळजवळ दिवसाचं मीठ संपलं. डीएनएसच्या 500 मिलीत 25 ग्रॅम ग्लुकोज असतं, त्यातून मिळणारी ऊर्जा एका भाकरीइतकीसुद्धा नसते. त्यात जीवनसत्त्वाचं इंजेक्शन सोडलं की बाटली पिवळी दिसते आणि घरच्यांना समाधान वाटतं. त्यानंतर लघवीही गडद पिवळी होते, ती बी-कॉम्प्लेक्समुळे. ती बघून 'अजून पाणी कमीच आहे' असं म्हणत दुसरी बाटली लावायला लावू नका.

दारूची सवय असलेल्या किंवा बरेच दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला नुसतं ग्लुकोज चढवणं धोक्याचं आहे. अंगात बी-१ जीवनसत्त्व संपलेलं असतं आणि ग्लुकोज आलं की उरलंसुरलंही खर्च होऊन मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून थायमिन, म्हणजे हेच बी-१, आधी. ही गोष्ट दवाखान्यात स्वतःहून सांगा, लाजेपोटी दडवू नका.

"शेवटची एसटी आहे, जरा वाढवा ना"

असं म्हणत नळीचं चाक सैल करून वेग वाढवणारे नातेवाईक मी कितीतरी पाहिले. पटकीसारख्या (कॉलरा) आजारात माणूस काही तासांत कोलमडतो, तिथे डॉक्टर मुद्दाम वेगानं सलाईन सोडतात आणि तिथे ते बरोबरच आहे. जुन्या कमतरतेत मात्र शरीरानं त्या कोरडेपणाशी जुळवून घेतलेलं असतं. सोडियम बरेच दिवस चढलेलं असेल आणि ते झपाट्यानं उतरवलं, तर मेंदूच्या पेशी पाणी शोषून फुगतात. झटके येतात, माणूस बेशुद्ध पडतो. सोडियम फार खाली गेलेलं असेल आणि ते घाईनं वर आणलं, तरी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणूनच 24 तासांत रिपोर्टातला सोडियमचा आकडा साधारण आठ-दहाच्या पलीकडे हलू नये याची काळजी घेतात आणि रक्त पुन्हापुन्हा तपासतात. जे दिवसांदिवसांत गेलं, ते दीड-दोन दिवसांत हळूहळू परत आणायचं.

हृदय कमजोर किंवा किडनी अधू असेल तर वेगाचा धोका आणखी वेगळा. पाणी फुप्फुसात साठतं. बाटली चालू असताना खोकला सुरू झाला, आडवं पडवेना, धाप लागली, तर चाक बंद करून लगेच हाक मारा.

वेग मोजणं अवघड नाही. सेटच्या, म्हणजे सलाईनच्या नळीच्या, पाकिटावर एका मिलीला किती थेंब ते छापलेलं असतं, बहुधा 20, आणि लहान मुलांच्या सेटवर 60. वीस थेंबांचा सेट असेल आणि 500 मिली चार तासांत द्यायचं असेल, तर मिनिटाला साधारण 42 थेंब. घड्याळ लावून मोजा. वेग कमी-जास्त करायला चाकाला हात मात्र सिस्टरचाच.

बाटली चालताना

थेंब थांबले तर आधी हात बघा: कोपर दुमडलेलं असतं, नाहीतर नळी अंगाखाली दबलेली असते. बाटली पुरेशी उंच आहे का ते बघा. कॅन्युलात, म्हणजे शिरेत बसवलेल्या बारीक नळीत, रक्त गोठलं असेल तर सिरिंजनं जोर लावून ढकलायचं नाही, कॅन्युला बदलायचा. मऊ बाटलीला हवेसाठी सुई टोचायची खोड अजून बऱ्याच ठिकाणी दिसते. त्या भोकातून जंतू आत जातात, टोचू देऊ नका. नळीतले बारीक बुडबुडे पाहून घाबरू नका.

हात फुगला, गार लागला, ठणकू लागला, तर सलाईन शिरेबाहेर जातंय. बंद करायला सांगा, हात उशीवर उंच ठेवा, चोळू नका. शीर दोरीसारखी कडक आणि लाल झाली तर तो कॅन्युला काढायचाच, "अजून एक दिवस चालेल" म्हणायचं नाही. बाटली लागल्यावर अचानक थंडी वाजून हुडहुडी भरली तर तत्क्षणी बंद करायला लावा आणि ती बाटली फेकू नका. तिच्यात दोष असू शकतो.

आणखी एक, फारसं कुणी न सांगणारं. ज्या हाताला सलाईन चालू आहे त्याच हातातून तपासणीचं रक्त घेतलं, तर शुगर आणि सोडियमचे आकडे चुकीचे येतात. दुसरा हात पुढे करा.

तोंड चालू असताना शीर शोधणं

1971 मध्ये बांगलादेशाच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीनं थैमान घातलं आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते पाजायला दिलं, नातेवाइकांच्याच हातून. मृत्यू झपाट्यानं कमी झाले. आतड्यात ग्लुकोज मिठाला आत ओढतं आणि मिठामागे पाणी जातं, एवढी साधी ती किमया. पटकीत जे चाललं ते आपल्या आजीला का चालणार नाही? उलटी होत नसेल आणि गिळता येत असेल, तर थोडं थोडं, दिवसभर, तोंडानंच.

इथली चूक म्हणजे ओआरएसची, म्हणजे अशाच मीठ-ग्लुकोजच्या मिश्रणाची, अर्धी पुडी पेल्यात टाकणं. एक लिटरची पुडी पूर्ण एका लिटरमध्येच, आणि ते पाणी 24 तासांत संपवायचं. छोट्या पुड्याही मिळतात, म्हणून पाकीट वाचा. शुगर, किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर रोज किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

आतड्याच्या ऑपरेशननंतर पोटावर मल गोळा करायची पिशवी असलेल्यांचं गणित उलटं असतं. लहान आतड्याच्या पिशवीतून मीठ सतत जातं, आणि तहान लागली म्हणून साधं पाणी भरपूर प्यायलं की पिशवी आणखी भरते. या लोकांना मिठाचं प्रमाण जास्त असलेलं द्रावण लागतं, आणि काहींना खरोखरच वरचेवर शिरेतून द्यावं लागतं. सलाईनची खरी गरज कुणाला म्हणाल तर यांना.

शीर सापडतच नाही अशा वृद्धांना मांडीच्या किंवा पोटाच्या कातडीखालून सावकाश, मिनिटाला साधारण एक मिली सलाईन देता येतं. सौम्य कमतरतेत ते पुरतं. आपल्याकडे फार कमी वापरतात. दहा ठिकाणी टोचून काळेनिळे झालेले हात पाहिले की मला वाटतं, डॉक्टरांना निदान विचारून तरी बघावं.

मात्र माणूस असंबद्ध बोलू लागला, सात-आठ तास लघवीच झाली नाही, उभं राहताच कोसळला, किंवा पाण्याचा घोटही पोटात टिकेना, तर घरी ओआरएस कालवत बसू नका आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात बाटलीही मागू नका. 108 ला फोन करा आणि जिथे रक्त तपासायची सोय आहे तिथे न्या.