रक्त गोठणे, साकळणे, पातळ होणे : शब्दांच्या गोंधळातून होणाऱ्या या चुका टाळा

"मॅडम, वडलांचं रक्त पातळ झालंय म्हणले डाक्टर. म्हणून रोज बीट अन् डाळिंब चालू केलंय. टॉनिकबी आणलंय."

निलंग्याकडच्या एका खेड्यातून आलेला पोरगा माझ्या लॅबमध्ये उभा राहून सांगत होता. हातात पंधरा दिवसांपूर्वीचा रिपोर्ट होता. वडिलांच्या हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे गुठळी होऊ नये म्हणून रोज एक गोळी. रिपोर्टवर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) 5.8, म्हणजे खूपच जास्त. मी म्हाताऱ्या बाबांना तोंड उघडायला सांगितलं, तर हिरड्यांच्या कडेने बारीक लाल रेघ दिसली. दंडावर तळहाताएवढा काळानिळा डाग होता. कुठे आपटलं ते त्यांना आठवत नव्हतं. डॉक्टरांनी गोळी कमी करून आठवड्यात परत यायला सांगितलं होतं, पण घरच्यांच्या लक्षात राहिले ते फक्त दोन शब्द : रक्त पातळ. गोळी पहिल्याच मापाने चालू होती आणि वर बीट. त्याच पावली त्यांना लातूरला पाठवलं. बाबा वाचले.

गेली 19 वर्षं मी तालुक्याच्या गावात लॅब चालवते. रक्त गोठण्याच्या बाबतीत जेवढं नुकसान आजाराने होतं, त्याच्या बरोबरीने शब्दांच्या गोंधळाने होताना मी पाहिलंय. म्हणून आधी शब्दांचंच बोलू.

आपल्याकडे "रक्त पातळ" म्हणजे अंगात रक्त कमी, माणूस पांढराफटक पडलेला. त्याला खरा शब्द रक्तक्षय, आणि तो हिमोग्लोबिनवरून कळतो. डॉक्टर "रक्त पातळ करायची गोळी" म्हणतात तेव्हा अर्थ अगदी वेगळा असतो. त्या गोळीने रक्तात पाणी वाढत नाही, हिमोग्लोबिनही घटत नाही. रक्त तेवढंच दाट राहतं, फक्त गोठायला जास्त वेळ लागतो. तेव्हा "रक्त पातळ झालंय" असं कोणी सांगितलं, तर लगेच विचारा : हिमोग्लोबिन कमी आहे, की रक्त गोठायला वेळ लागतोय? पहिल्यात लोहाची गोळी लागेल, दुसऱ्यात चालू गोळी डॉक्टरांना विचारून कमी करावी किंवा थांबवावी लागेल.

"गाठ" हा असाच घातकी शब्द. "डोक्यात गाठ निघाली" ऐकून अख्खं घर कॅन्सर समजून रडत बसतं, आणि निघालेली असते रक्ताची गुठळी. रक्ताची असेल तर गुठळीच म्हणा. त्वचेखाली रक्त जमून काळंनिळं होतं ते साकळणं. शिरेच्या आत, जिथे रक्ताने वाहत राहायचं तिथे ते घट्ट झालं, तर त्या गुठळीला डॉक्टर थ्रॉम्बस म्हणतात. ती सुटून प्रवाहाबरोबर पुढे गेली की एम्बोलस. पायातली गुठळी फुप्फुसात जाऊन अडकते ती अशीच.

गोठण्याची क्रिया थोडक्यात सांगते. बोट कापलं की आधी प्लेटलेट्स धावत येऊन बोळा घालतात. मग रक्तातले गोठणारे घटक, म्हणजे फॅक्टर, एकापाठोपाठ एक जागे होतात. शेवटी फायब्रिनोजेन या विरघळलेल्या प्रथिनापासून फायब्रिनचे धागे बनतात आणि त्या जाळ्यात बोळा पक्का बसतो. यातले 2, 7, 9 आणि 10 क्रमांकाचे फॅक्टर यकृतात तयार होताना व्हिटॅमिन के लागतं. वॉरफरिन, असिनोकुमारॉल या गोळ्या नेमक्या तिथेच आडव्या येतात. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल मात्र प्लेटलेट्सवर काम करतात, त्यांचा आयएनआरशी संबंध नाही. अ‍ॅस्पिरिन घेणारे कित्येक जण दर महिन्याला आयएनआर करायला येतात, त्यांना मी परत पाठवते. वॉरफरिनवाले मात्र तीन-तीन महिने फिरकत नाहीत.

झडपेच्या किंवा गुठळीच्या रुग्णाचा आयएनआर साधारण 2 ते 3 मध्ये ठेवतात, काही झडपांना 2.5 ते 3.5. निरोगी माणसाचा 1 च्या आसपास असतो. इथे एक चूक नेहमीची : रिपोर्टवर "नॉर्मल 0.8 ते 1.2" छापलेलं बघून "आपला 2.4 म्हणजे बिघडला" असं ठरवून गोळी बंद करणे. त्या माणसासाठी 2.4 च बरोबर असतो. दुसरी चूक, दोन लॅबचे पीटीचे (प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे तपासणीत रक्त गोठायला लागलेला वेळ; त्यावरूनच आयएनआर काढतात) सेकंद एकमेकांशी ताडून बघणे. प्रत्येक लॅबचं रसायन वेगळं, त्यामुळे सेकंद वेगळे येणारच. हा घोळ मिटावा म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 1983 मध्ये आयएनआरची पद्धत आणली. आकडा जुळवायचाच तर आयएनआर जुळवा.

पालेभाज्यांबद्दल तर अफवांचा पाऊस आहे. कोणीतरी सांगतं, मेथी-पालक आयुष्यभर बंद. तसं नाही. पालेभाजीत व्हिटॅमिन के भरपूर असतं, त्यामुळे एकदम जास्त खाल्ली की आयएनआर उतरतो आणि एकदम सोडली की चढतो. रोज थोडी, सारखी खा. आमच्या भागात येळवशीला (वेळ अमावास्येला) घरोघर मोठ्या पातेल्यात पालेभाज्या घातलेली भज्जी शिजते, दोन-तीन दिवस तीच जेवणात असते. ती जरूर खा, पण ताट बघून खा. आणि त्या आठवड्यात तपासणीची तारीख आली असेल तर डॉक्टरांना येळवशीचं सांगा, नाहीतर ते उतरलेल्या आकड्यावरून डोस वाढवतील.

भाजीपेक्षा मला भीती वाटते ती औषधांची. जुलाबासाठी दिलं जाणारं मेट्रोनिडॅझोल, नायट्यासाठीचं फ्लुकोनॅझोल यांनी आयएनआर झपाट्याने चढतो. टीबीच्या रिफॅम्पिसिनने उतरतो. आणि गुडघा दुखतो म्हणून कमरेत घेतलेली डायक्लोफेनॅकची सुई! गोळी चालू असताना स्नायूत सुई टोचली की आत रक्त साठून मांडीएवढी सूज येऊ शकते. कुठल्याही दवाखान्यात बसल्या बसल्या पहिलं वाक्य हेच असू द्या : "मला रक्त न गोठायची गोळी चालू आहे." एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेऊ नका. दात काढायचा म्हणून परस्पर गोळी बंद करू नका. आणि डोक्याला मार लागला तर बाहेर जखम नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

याच घराण्यातलं औषध आपल्या कोठारातही असतं. अमेरिकेत 1948 मध्ये वॉरफरिन बाजारात आलं ते उंदीर मारायलाच, माणसांना द्यायची परवानगी नंतर, 1954 ला मिळाली. आज शेतात आणि घरात उंदरांसाठी ठेवतात त्या ब्रोमाडिओलोनच्या वड्या त्याच जातीच्या, फक्त कितीतरी जास्त काळ टिकणाऱ्या. लेकराने वडी तोंडात घातली आणि दिवसभर खेळत राहिलं, म्हणून घरी बसू नका. रक्त यायला दोन-तीन दिवसांनी सुरुवात होते. वेष्टण सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा, आणि 48 तासांनी पीटी तपासायला सांगतील तेव्हा टाळू नका.

आता आमच्या बाजूच्या चुका. गोठण्याच्या तपासणीला निळ्या झाकणाची नळी लागते. तिच्यात सोडियम सायट्रेट असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग. 0.3 मिली सायट्रेट असेल तर 2.7 मिली रक्त, म्हणजे नळी खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. शीर सापडत नाही म्हणून अर्धी नळी पाठवली की सायट्रेट जास्त होतं आणि चांगल्या माणसाचाही पीटी लांबलेला येतो. नळी तीन-चार वेळा हळू उलटी-सुलटी करायची, घुसळायची नाही. उन्हाळ्यात 42 अंशांत मोटारसायकलच्या डिकीत नमुना नेऊ नका, उष्णतेने फॅक्टर मरतात. उलट, पीटीचा नमुना बर्फावर ठेवणंही चूकच.

डेंगीच्या दिवसांत प्लेटलेट्स अचानक 20,000 दाखवल्या आणि माणूस ठणठणीत चालत आला, तर काचपट्टीवरचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय रिपोर्ट देऊ नये. जांभळ्या झाकणाच्या नळीत काही जणांच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात, मशीनला तो पुंजका एकच वाटतो. काचपट्टीवर पुंजके डोळ्यांना दिसतात.

सापाचं मात्र सविस्तर सांगायला हवं. आमच्याकडे शेतीची लाईट बरेचदा रात्रीचीच. दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, माणूस अंधारात उसात शिरतो, आणि सोयाबीनच्या ढिगाखाली हात जातो तिथे घोणस असते. घोणस आणि फुरसं यांच्या विषाने रक्ताची गोठणयंत्रणा एकदम चेतते. अंगातलं फायब्रिनोजेन त्यातच संपून जातं आणि पुढे गोठायला काही उरत नाही. हिरड्यांतून, लघवीतून, सुई टोचल्या जागेतून रक्त यायला लागतं. अशा माणसाच्या पायाला ब्लेडने चिरा दिला तर त्या चिऱ्यातून वाहणारं रक्त थांबणार कसं? आवळून दोरी बांधणं, कडुलिंबाचा पाला चाखवून कडू लागतो का बघणं, मारुतीच्या पारावर रात्र काढणं, यात गेलेला प्रत्येक तास परत मिळत नाही.

दवाखान्यात याची साधी चाचणी आहे, 20 मिनिटांची. नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत 2 मिली ताजं रक्त घ्यायचं आणि 20 मिनिटं हात न लावता ठेवायचं. मग नळी एकदाच तिरकी करायची. गोठलं असेल तर विरजण लागलेल्या दह्यासारखं तळाला घट्ट बसतं. नसेल तर पाण्यासारखं काचेवरून ओघळत येतं, आणि तेव्हा सर्पविषावरच्या लशीला उशीर चालत नाही.

एवढ्या सोप्या चाचणीतही चुका होतात. एका रात्री एका दवाखान्यातून मला फोन आला, "रक्त गोठतच नाही, पण बाई बरी दिसते." जाऊन बघितलं तर नळी प्लास्टिकची होती. काचेचा स्पर्श झाला की गोठण्याची साखळी चालू होते, प्लास्टिकने तशी होत नाही. काचेची नळी साबणाने धुऊन वापरली तरी तोच घोटाळा, कारण साबणाचा थर काचेचा स्पर्शच होऊ देत नाही. शंका असेल तर मी सोबतच्या धडधाकट नातेवाइकाचं रक्त तशाच दुसऱ्या नळीत शेजारी ठेवते. त्याचंही गोठलं नाही, तर दोष नळीचा. त्या रात्री तसंच निघालं. दर दोन मिनिटांनी नळी हलवून बघणं हीसुद्धा चूकच.

आणि उलटी चूक याहून मोठी : पहिल्यांदा रक्त गोठलं म्हणून घरी पाठवणे. विष हळूहळू भिनतं, त्यामुळे चाचणी परत परत करावी लागते आणि माणूस 24 तास नजरेखाली हवा. शिवाय नाग आणि मण्यार यांचं विष मज्जातंतूंवर जातं. तिथे रक्त छान गोठलेलं असतं आणि माणसाच्या पापण्या मिटत चाललेल्या असतात. पापण्या, गिळणं, श्वास हे बघत राहा. लस दिल्यावर नातेवाईक तासाभरात विचारतात, "अजून रक्त कसं येतंय?" यकृताला नवे फॅक्टर बनवायला साधारण 6 तास लागतात. पुढची चाचणी तेव्हाच करतात, तेवढा धीर धरा.

बाळंतिणीच्या पायाबद्दल आयाबायांना हात जोडून सांगते. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे गुठळीचा धोका सगळ्यात जास्त. सव्वा महिना खाटेवर निजवून ठेवू नका, घरातल्या घरात चालू द्या, पाणी तोडू नका. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखली तर तेल लावून चोळू नका. चोळल्याने गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्या पायाची सोनोग्राफी करून घ्या. न थांबणारी डोकेदुखी आणि झटके आले, तर ते "बाहेरचं" समजून देवऋषाकडे नेऊ नका. मेंदूच्या शिरेत गुठळी झालेली असू शकते.

गुठळीची शंका आली की करतात त्या डी-डायमर तपासणीचं एकच सांगते. तो कमी असेल तर मोठी गुठळी नसावी असा अंदाज बांधता येतो. वाढलेला असेल तर त्याचा अर्थ गुठळी आहेच असा होत नाही. गरोदरपण, ऑपरेशन, जंतुसंसर्ग, वय, सगळ्यांत तो वाढतो. एका रिपोर्टात 0.4 आणि दुसऱ्यात 400 बघून हजारपट वाढला म्हणून रडणारी माणसं मी कोरोनात पाहिली. एकात मायक्रोग्रॅम होते, दुसऱ्यात नॅनोग्रॅम. प्रमाण एकच होतं.

राहिला हिमोफिलिया, म्हणजे गोठवणारा एखादा फॅक्टर जन्मापासूनच कमी असण्याचा आजार. ऑपरेशनआधी बीटी-सीटी (रक्त थांबायला आणि गोठायला लागणारा वेळ) केली, "नॉर्मल" आली की सगळे निश्चिंत होतात. हिमोफिलियात बीटी नॉर्मलच असते, आणि सीटी फॅक्टर फारच कमी असल्याशिवाय लांबत नाही. एपीटीटी ही गोठण्याची दुसरी तपासणी लांबते. त्याहून आधी दोन प्रश्न विचारावेत : दात पडताना रक्त किती वेळ आलं, आणि मामाला असं काही होतं का? हा दोष आईकडून मुलाकडे येतो.

गेल्या पावसाळ्यात एक आई सहा वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन आली. गुडघा टरारून सुजलेला. आठ दिवस गरम शेक आणि मालिश चालू होती, दोन्हींनी आतला रक्तस्राव वाढतो. मी मामाचं विचारलं. ती म्हणाली, "माझा भाऊ लहानपणापासून लंगडतो. आम्ही पोलिओच समजत होतो." पोराचा फॅक्टर 8 निघाला नॉर्मलच्या 2 टक्के. मामाचाही तपासायला लावला, तोही तेवढाच. दोघं आता फॅक्टर घ्यायला सरकारी दवाखान्यात सोबतच जातात. मामाचा गुडघा सरळ होणार नाही, पोराचा झालाय.