इंटरव्ह्यूत बोललेलं बाहेर जातं का? गोव्यात नोकरी बदलताना काय सांभाळायचं

सरळच सांगतो, इंटरव्ह्यूत तुम्ही तोंडाने जे बोलता ते गुप्त ठेवलंच पाहिजे असा खास कायदा आपल्याकडे नाही. चांगले एचआरवाले ठेवतात, पण तो त्यांचा चांगुलपणा. आणि आपला गोवा केवढासा, वेर्ण्यातल्या एका फार्मा कंपनीचा मॅनेजर आणि दुसरीचा मॅनेजर कॉलेजात एकत्र शिकलेले असतात, नाहीतर चवथीला एकमेकांच्या घरी जाणारे तरी.

माझ्याबाबतीत झालंय. शुक्रवारी सुट्टी टाकून इंटरव्ह्यू दिला, नोकरी का सोडताय विचारलं तर मी मनापासून सगळं सांगितलं, शिफ्टचा घोळ, ओव्हरटाइमचे अडकलेले पैसे, साहेबांचं नावसुद्धा. सोमवारी पंच करून आत शिरतोय तोच साहेब म्हणाले, "ओव्हरटाइमचं मला का नाही बोललास रे?" आवाज चढवला नाही काही नाही, पण हातातला डबा खाली ठेवायचं पण मला सुचेना. ती नोकरी मिळाली नाही आणि इथे पुढचं वर्ष फार जड गेलं.

म्हणून पहिलं काम इंटरव्ह्यूच्या आधीच करा. बोलावण्याचा मेल येतो त्यालाच उत्तर लिहा, "मी सध्या नोकरीत आहे, माझा अर्ज आणि आपलं बोलणं कृपया गोपनीय ठेवावं, ऑफर देण्याआधी सध्याच्या कंपनीशी संपर्क करू नये." याने कुणाचं तोंड बांधलं जात नाही, पण लेखी राहतं आणि समोरचा सावध होतो. मग तिथे गेल्यावर फॉर्म देतात, त्यात सध्याच्या कंपनीला विचारलं तर चालेल का अशी एक बारीक ओळ असते आणि खाली सही, घाईत सगळे सही ठोकून मोकळे होतात. तिथे पेनाने "ऑफर लेटरनंतरच" लिहा, पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कन्सल्टंटमार्फत जात असाल तर सीव्ही कुठे कुठे पाठवणार ते कंपनीच्या नावासकट विचारा, फिरत फिरत आपल्याच ऑफिसात पोचलेले सीव्ही मी बघितलेत.

आत गेल्यावर एकच हिशोब ठेवा, हे वाक्य उद्या साहेबांच्या कानावर गेलं तर चालेल का. खोटं बोलू नका, पण "तिथे छळतात" म्हणण्यापेक्षा "मला व्हॅलिडेशनचं काम (यंत्रं आणि प्रक्रिया नीट चालतात याची तपासणी) शिकायचंय" म्हणा, तेही खरंच असतं ना. आणि सध्याच्या कंपनीचे क्लायंट, रेट, बॅचचं यील्ड, म्हणजे एका खेपेत किती माल निघतो, असलं काही विचारलं तर नम्रपणे नाही म्हणा, अपॉइंटमेंट लेटरमध्ये गोपनीयतेचा क्लॉज असेल तर तुम्ही त्याला बांधील असता. "उद्या तुमचंही मी बाहेर सांगणार नाही" एवढं म्हटलं तर कुठलाही शहाणा माणूस खूशच होतो.

तब्येतीचं, लग्नाचं, मूल कधी हे स्वतःहून काढू नका. एचआयव्हीबद्दल तर २०१७ चा कायदाच आहे, नोकरी देण्यासाठी ती टेस्ट सक्तीची करता येत नाही.

कागदांचं वेगळं आहे. मेलवरचा सीव्ही, स्कॅन केलेला फॉर्म, व्हिडिओ कॉलचं रेकॉर्डिंग ही डिजिटल माहिती झाली, ती २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात येते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. पण त्याची वाट कशाला बघायची, निवड झाली नाही तर माझी कागदपत्रं डिलीट करा असा मेल आजही टाकता येतो. कॅन्टीनमध्ये तोंडी झालेली कुजबुज मात्र त्या कायद्यात येत नाही.

एवढं करूनही फुटलंच तर नाकारत बसू नका, "हो, बघत होतो" म्हणा आणि तिथेच थांबा. त्याच दिवशी त्या कंपनीच्या एचआरला तारखेसकट मेल लिहा, आधीचा मेल जोडा, काय बोललं होतं आणि काय बाहेर आलं ते शांतपणे मांडा. आणि ऑफर लेटर हातात पडेपर्यंत बाजूच्या टेबलावरच्या दोस्तालाही काही बोलू नका.