‘ई बाय एम’च्या प्रॅक्टिकलमध्ये या चुका टाळा

फाइन बीम ट्यूब (विरळ वायूची काचेची नळी, जिच्यात इलेक्ट्रॉनांचा झोत, म्हणजे बीम, दिसतो), हेल्महोल्ट्झ कॉइलची जोडी (समोरासमोरच्या दोन सारख्या कॉइल, ज्यांचं चुंबकीय क्षेत्र बीमला वर्तुळात वळवतं) आणि इलेक्ट्रॉनांना वेग देणारा ॲनोड सप्लाय, एवढ्या सामानात इलेक्ट्रॉनचा ई बाय एम, म्हणजे विद्युतभार भागिले वस्तुमान, निघतो. खरं उत्तर १.७६ गुणिले १०चा ११वा घात, कूलोम प्रति किलोग्रॅम. पुण्यातल्या बीएस्सीच्या जर्नलांमध्ये मात्र, त्याच घातात, ०.४४च्या आसपासचा आकडा वारंवार दिसतो.

हा आकडा म्हणजे खऱ्या उत्तराचा बरोबर चौथा हिस्सा. असं उत्तर आलं की पहिला संशय बीमच्या वर्तुळाच्या त्रिज्येवर घ्यायचा. एका बॅचचं उदाहरण घ्या. प्रत्येकी १३० वेढ्यांच्या, १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या कॉइल, ॲनोडला २०० व्होल्ट, कॉइलमधून १.५ ॲम्पिअर. क्षेत्र १.१७ मिलिटेस्ला, गणित चोख, तरी उत्तर ०.४३. त्यांनी ॲमीटर बदलला, मग सप्लाय बदलला, तास संपत आला. चूक होती जर्नलच्या रकान्यात: ‘त्रिज्या’ म्हणून लिहिलेले ८.२ सेंटिमीटर हे वर्तुळाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंतचं अंतर होतं. निम्मं केलं, ४.१ घातलं, आणि उत्तर १.७४ आलं. सूत्रात त्रिज्येचा वर्ग होतो, म्हणून दुपटीची चूक चौपट महाग पडते. रकान्याला सरळ ‘व्यास’ नाव द्या आणि पुढचा रकाना निम्म्याचा ठेवा.

व्यास नीट मोजला आणि तरीही चौथा हिस्साच? मग दोन्ही कॉइल पॅरलल जोडल्या आहेत. सप्लायचा मीटर एकूण प्रवाह दाखवतो, प्रत्येक कॉइलमधून त्याच्या निम्माच जातो, आणि सूत्रात क्षेत्राचाही वर्ग होतो. खूण सोपी आहे: मीटर ३ ॲम्पिअरवर नेल्याशिवाय वर्तुळ ४ सेंटिमीटरवर येतच नाही. कॉइल सिरीजमध्येच हव्यात. प्रवाह आहे पण बीम सरळच जातो, तर एका कॉइलची टोकं उलटी लागली आहेत.

कॉइलच्या दिशेची चूक घाईतून होते. पुण्यात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे. कॉइलचा अक्ष उत्तर-दक्षिण ठेवला, तर १.१७ मिलिटेस्लामध्ये साधारण ३ टक्के फरक पडतो, म्हणजे उत्तरात ६ ते ७ टक्के. प्रवाह बंद असताना कॉइलच्या मधोमध होकायंत्र धरा आणि अक्ष पूर्व-पश्चिम करा. लोखंडी टेबल आणि मोबाईल दोन्ही सुईला फसवतात, म्हणून लाकडी टेबल मागून घ्या. या कामाला दोन मिनिटं लागतात. ती वाचवणाऱ्याला नंतर चुकीचं कारण शोधण्यात अर्धा तास घालवावा लागतो.

वर्तुळाऐवजी स्प्रिंगसारखं वेटोळं दिसलं, तर बीम क्षेत्राला काटकोनात नाही. ट्यूब हळूच फिरवून वर्तुळ बंद करा. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डिश आकाशातून टिपतात त्या रेडिओ लहरींचा मोठा भाग अशाच वेटोळ्यांत फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांकडून येतो, पण तुमच्या प्रयोगात ते वेटोळं नको.

रीडिंग बीमच्या बाहेरच्या कडेवर घ्या. वायूच्या अणूंना धडकून मंदावलेले इलेक्ट्रॉन आतल्या बाजूला वळतात. ट्यूबमागच्या आरशात बीम आणि त्याची प्रतिमा एकावर एक आली तरच आकडा लिहायचा.

बीम कुठे वळेल हे काढायला डाव्या हाताचा नियम लावताना प्रवाहाची दिशा इलेक्ट्रॉनच्या उलट धरा.

चुंबकीय क्षेत्राने वेग वाढतो असं लिहू नका. बल कायम गतीला लंब असतं, म्हणून फक्त दिशा बदलते. वेग ॲनोडच्या व्होल्टेजने ठरतो.

एका रीडिंगवर जर्नल भरू नका. प्रवाह कायम ठेवून १५० ते २५० व्होल्टपर्यंत २५-२५च्या टप्प्यांनी पाच रीडिंग घ्या आणि त्रिज्येचा वर्ग विरुद्ध व्होल्टेज असा आलेख काढा. रेषा आरंभबिंदूतून जायला हवी. नाही गेली, तर आधी व्होल्टमीटरचा शून्य बघा.

आणि फिलामेंट तापू द्या. हीटर सुरू करून एक-दोन मिनिटं थांबा, मगच ॲनोडचं व्होल्टेज हळूहळू चढवा. बंद करताना आधी ॲनोड शून्यावर आणा, मग कॉइल, शेवटी हीटर. ॲनोडला २०० व्होल्ट आहेत, तेव्हा सप्लाय चालू असताना लीडला हात लावायचा नाही.