शिट्टी हातात घ्यायची असेल तर

सुरुवात आपल्या फुटबॉल संघटनेच्या रेफरी कोर्सपासून करा. नियम फक्त 17 आहेत, पण ऑफसाइड आणि हँडबॉल मला अजूनही दरवर्षी नव्याने वाचावे लागतात, कारण आयएफएबी, म्हणजे फुटबॉलचे नियम ठरवणारी संस्था, शब्द बदलत राहते.

पहिले सामने लहान मुलांचे मिळतात. मुलं ऐकतात, पालक ऐकत नाहीत! माझ्या पहिल्याच सामन्यात मी शिट्टी इतकी हळू वाजवली की खेळ थांबलाच नाही. तेव्हापासून घरी उशीत तोंड खुपसून सराव केला. साध्या फाउलला छोटी शिट्टी, पेनल्टीला लांब आणि ठाम. पिवळं कार्ड छातीच्या खिशात, लाल मागच्या खिशात ठेवा, म्हणजे घाईत चुकीचं कार्ड बाहेर येत नाही.

पळायचं कसं? कोपऱ्यातून कोपऱ्यात, तिरकं. चेंडू तुमच्या आणि रेषेवरच्या सहायक रेफरीच्या मध्ये राहिला पाहिजे. मी वर्षभर चेंडूच्या मागेच धावत होतो, आणि नेमका धक्का माझ्या पाठीमागे व्हायचा.

वर जायचं तर फिटनेस टेस्ट अटळ. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय पातळीवर 40 मीटरच्या 6 धावा, प्रत्येक 6 सेकंदांत. त्यानंतर 75 मीटर धाव आणि 25 मीटर चाल, असं 40 वेळा. फिफाच्या आंतरराष्ट्रीय रेफरींच्या यादीसाठी नाव राष्ट्रीय संघटना सुचवते आणि ती यादी दरवर्षी नवी होते. पूर्णवेळ पगार फार थोड्यांना मिळतो, तेव्हा हातातली नोकरी इतक्यात सोडू नका.