मकाऊची ट्रिप आखताय? आधी वार ठरवा, मग विमानाचं बघा

मकाऊ म्हणजे हाँगकाँगजवळचं, चीनच्या ताब्यातलं कसिनोंचं शहर. तिथे जायचं ठरलं की सगळे पहिल्यांदा विमानाचं तिकीट शोधायला बसतात, मी म्हणेन आधी कॅलेंडर उघडा. तिथल्या हॉटेलचे भाव वारावर चालतात, जी रूम मंगळवारी-बुधवारी परवडते तीच शनिवारी दुप्पटसुद्धा होऊ शकते, आणि नुसती रूम नाही, कसिनोच्या टेबलवर कमीत कमी लावायची रक्कमही वीकेंडला वर चढते. त्यामुळे रविवारी पोचा आणि गुरुवारपर्यंत निघा. चिनी नववर्ष, १ मेच्या आसपासचे दिवस आणि १ ऑक्टोबरचा आठवडा पूर्ण टाळा, मेनलँड चायनामधून इतकी माणसं येतात की सेनाडो स्क्वेअर या जुन्या शहरातल्या मुख्य चौकात चालायलाही जागा नसते. नोव्हेंबरमध्ये ग्रां प्री रेस असते, ती शहराच्या नेहमीच्या रस्त्यांवरच होते म्हणून ते रस्ते बंद, तेव्हा त्या चार दिवसांच्या तारखाही आधी बघून घ्या. जून ते सप्टेंबर टायफूनचा, म्हणजे चक्रीवादळांचा सीझन. वादळाच्या इशाऱ्याचा ८ नंबरचा सिग्नल लागला की फेरी थांबतात, पूल बंद होतात. २०१८ मध्ये मांगखुट नावाचं वादळ आलं तेव्हा तर सगळे कसिनो बंद केले होते. त्या महिन्यांत जाणारच असाल तर परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवाच.

आता कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवर मकाऊला ३० दिवस व्हिसा लागत नाही, हे बरोबर, पण बहुतेक लोक हाँगकाँगमार्गे जातात आणि गडबड तिथे होते, कारण हाँगकाँगला भारतीयांसाठी प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन लागतं. ते ऑनलाइन आणि फुकट आहे, सरकारी साइटवरच करायचं (पैसे मागणाऱ्या एजंट साइट्स दिसतात, तिकडे जाऊ नका), उत्तर बहुतेक वेळा लगेच येतं. ते ६ महिने चालतं आणि एका वेळी १४ दिवस राहता येतं, म्हणजे हाँगकाँगमधून मकाऊला जाऊन परत हाँगकाँगमध्ये आलात तरी तेच चालतं. पण नाकारलं गेलं तर रीतसर व्हिसा काढावा लागतो आणि त्याला वेळ जातो, म्हणून माझं ठाम मत, हे रजिस्ट्रेशन हातात आल्याशिवाय नॉन-रिफंडेबल तिकीट काढू नका. नाव-नंबर पासपोर्टवर आहे तसंच टाका, प्रिंट काढून सोबत ठेवा. दोन्हीकडे पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, छोटी चिठ्ठी देतात, ती पासपोर्टच्या कव्हरमध्येच राहू द्या.

हाँगकाँगहून पुढे दोन रस्ते, फेरी किंवा बस. फेरीला साधारण तास लागतो, हाँगकाँगच्या शंग वान भागातल्या टर्मिनलवरून सुटते, पण तिकीट काढताना उतरायचं कुठे ते नीट बघा, कारण मकाऊत दोन धक्के आहेत, एक जुन्या शहराकडे आणि एक टायपाला, आणि तुमचं हॉटेल कोटाईत (मोठ्या रिसॉर्ट्सच्या भागात) असेल तर टायपाचाच घ्या. मला स्वतःला बस आवडते. २०१८ ला सुरू झालेला तो ५५ किलोमीटरचा पूल आहे ना, त्याच्यावरून जाते, दिवसा ६५ हाँगकाँग डॉलर, मध्यरात्रीनंतर ७०, चोवीस तास चालू, आणि पाऊणेक तासात पलीकडे. ज्यांना बोट लागते त्यांनी तर दुसरा विचारच करू नये. माझ्या सासूबाईंना जाताना फेरीत इतका त्रास झाला की पहिली संध्याकाळ हॉटेलमध्ये झोपूनच गेली, येताना बसने आलो तर त्या खिडकीतून पाणी बघत गप्पा मारत होत्या.

राहायचं कुठे? मकाऊ म्हणजे मुख्य दोन भाग धरा. एक जुनं शहर, जिथे १९७० चा लिस्बोआ हा कसिनो आहे आणि बाहेर पडलं की पोर्तुगीज गल्ल्या, आणि दुसरा कोटाई, टायपा आणि कोलोआन ही दोन बेटं आहेत त्यांच्यामध्ये समुद्र बुजवून केलेली जमीन, तिथे २००७ ला व्हेनेशियन उघडलं आणि मग बाकीची मोठी रिसॉर्ट्स आली. पहिल्यांदा जाताय, घरचे सोबत आहेत, तर कोटाई. जोडीनेच आहात आणि चालायची आवड आहे तर जुनं शहर. रूमच्या भावावर सर्व्हिस चार्ज आणि टूरिझम टॅक्स धरून १५ टक्के वर लागतात, बुकिंग करताना शेवटचा आकडा बघूनच तुलना करा. फिरायला टॅक्सीची फारशी गरज नाही, रिसॉर्ट्सच्या फुकट बस विमानतळ, फेरीचे धक्के आणि पुलाच्या टर्मिनलवरून सुटतात, आणि त्यात बसायला त्या रिसॉर्टमध्ये राहिलंच पाहिजे असंही नाही.

पैशाबद्दल नीट वाचा. मकाऊचं चलन पटाका, हाँगकाँग डॉलरला बांधलेलं, १ डॉलर म्हणजे १.०३ पटाका. मकाऊत हाँगकाँग डॉलर सगळीकडे घेतात, कसिनोत तर खेळच बहुतेक डॉलरमध्ये, पण उलटं चालत नाही. आम्ही पहिल्या वेळी उत्साहात बरेच पटाका घेतले आणि उरलेले हाँगकाँगला घेऊन आलो, तिथे एकही दुकानदार हात लावेना, शेवटी एक्स्चेंज काउंटरवर वाईट भावात द्यावे लागले. त्यामुळे डॉलरच न्या आणि पटाका फक्त सुट्या पैशांपुरते. सिटी बसचं भाडं ६ पटाका, डब्यात टाकायचं, सुटे परत मिळत नाहीत. १,२०,००० पटाका किंवा त्याहून जास्त रोख सोबत असेल तर मकाऊत शिरताना जाहीर करावी लागते.

आता कसिनो. वय २१ पूर्ण पाहिजे, नुसतं बघायलासुद्धा. माझा भाचा १९ चा, आम्हाला वाटलं आत येऊन कोपऱ्यात उभा राहील, दारावरच्या माणसाने शांतपणे पासपोर्ट मागितला आणि शांतपणेच बाहेर थांबायला सांगितलं, मग आम्ही आळीपाळीने त्याच्यासोबत बसलो. तरुण मुलं सोबत असतील तर संध्याकाळचा प्लॅन आधीच वेगळा करा. पासपोर्ट जवळ ठेवा, फोटो काढू नका, सिगारेट फक्त स्मोकिंग रूममध्ये.

तिथे बहुतेक टेबलं बॅकरॅटची. हा पत्त्यांचा खेळ, बँकर आणि प्लेयर या दोन बाजूंपैकी कोण जिंकेल यावर पैसे लावायचे, किंवा दोन्ही सारखे येतील (टाय) यावर. पहिला अर्धा तास एक पैसा न लावता नुसतं उभं राहून बघा, खरंच सांगते, सगळ्यात छान अनुभव तोच. माझ्यासमोर एक आजोबा होते, पत्ता उपडा टेबलवर दाबून दोन्ही अंगठ्यांनी कडा एवढीएवढीशी वर उचलत होते, आधी लांब बाजू, मग पत्ता फिरवून आखूड बाजू, मध्येच हळूच फुंकर मारली, मागे उभी असलेली दहा माणसं श्वास धरून. पत्त्याचे ठिपके दिसेपर्यंत मिनिटभर तरी गेलं.

पण गणित माहीत असू द्या. बँकरवर लावलं तर घराचा, म्हणजे कसिनोचा फायदा १.०६ टक्के, प्लेयरवर १.२४, आणि टायवर १४.३६. कमी वाटतं ना? समजा दर डावाला ३०० हाँगकाँग डॉलर लावायचं टेबल आणि तासाला ६० डाव, म्हणजे तासात १८,००० डॉलर टेबलवरून फिरले, बँकरवर सरासरी १९१ डॉलर गेले, आणि हेच टायवर लावत राहिलात तर साधारण २,५८५. एकाला आठ मिळतात म्हणून टायचा मोह होतो, तिकडे बघूच नका. आणि हे सरासरीचं झालं, प्रत्यक्ष एका संध्याकाळी याच्या कितीतरी पट जाऊ शकतात. म्हणून खेळायचे पैसे घरूनच वेगळ्या पाकिटात काढा, शोचं तिकीट काढलं असं धरून, ते संपलं की उठायचं, आणि कार्ड रूमच्या सेफमध्ये. फ्लोअरवर कोणी जवळ येऊन चांगल्या रेटने पैसे बदलून देतो म्हणालं तर सरळ पुढे चला, जुगारासाठी असे बेकायदा पैसे बदलून देणं २०२४ पासून तिथे गुन्हा आहे.

दोन सकाळी तरी जुन्या शहराला द्या. सेंट पॉलच्या चर्चचं १८३५ च्या आगीनंतर फक्त पुढचं तोंड उरलंय, नऊच्या आत गेलात तर पायऱ्यांवर निवांत बसता येतं, दहानंतर नाही. तिथून सेनाडो स्क्वेअरवरून उतरत चालत आ-मा मंदिरापर्यंत जा. हा सगळा भाग २००५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. उंचीची हौस असेल तर मकाऊ टॉवरवरून २३३ मीटरवरून दोरीने उडी मारायचं बंजी आहे, मी वर काचेवर उभं राहण्यावरच समाधान मानलं.

शेवटचा अर्धा दिवस कोलोआनसाठी ठेवा, २६ए नंबरची बस जाते. गाव अगदी शांत, लॉर्ड स्टोज नावाची बेकरी आहे, १९८९ मध्ये अँड्र्यू स्टो या इंग्रज माणसाने सुरू केलेली, मकाऊचा एग टार्ट (अंड्याच्या कस्टर्डची छोटी पापुद्र्याची वाटी) फेमस झाला तो इथून. (नावाप्रमाणे अंडं असतं, न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.) ट्रेमधून निघालेला तिथेच पाण्याकाठी बसून खा, वरचा करपलेला डाग अजून गरम असतो आणि चावलं की पापुद्रे मांडीवर पडतात. खोक्यात भरून हॉटेलवर नेलात तर दोन तासांत खालचं कवच मऊ पडतं.