आयकीडो सुरू करताय? तलवारीआधी पडायला शिका

आयकीडो या जपानी युद्धकलेच्या क्लासला नवीन येणारा बहुतेक जण दोन गोष्टी डोक्यात घेऊन येतो, एक तो काळा घेरदार हाकामा (पायघोळ विजार) आणि दुसरी लाकडी तलवार. पहिले काही महिने त्याच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही, येतं ते फक्त लोळणं. पुढे लोळा, मागे लोळा, उठा, परत लोळा. अनेक जण इथेच कंटाळून सोडून देतात आणि मला ते खरंच वाईट वाटतं, कारण पहिल्या वर्षात ज्याने उकेमी म्हणजे पडण्याची कला मनापासून घोटली त्याचं पुढचं सगळं सोपं जातं, आणि ज्याने ती उरकली तो कधी ना कधी खांदा धरून बाजूला बसतोच.

पुढची लोळण म्हणजे शाळेतली कोलांटउडी नाही, हे आधी डोक्यातून काढा. डोकं मॅटला लागतच नाही. आधी हाताची करंगळीकडची कड टेकते, मग कोपरापर्यंतची बाहेरची बाजू, मग खांद्याचा मागचा मांसल भाग, आणि तिथून पाठीवरून तिरकं विरुद्ध बाजूच्या कुल्ल्यापर्यंत. हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या बेल्टच्या गाठीकडे. हात मध्येच ढिला पडला की सगळं वजन खांद्याच्या टोकावर येतं आणि मग खांद्यापुढचं कॉलरबोन जातं. म्हणून सुरुवात गुडघ्यावर बसूनच करा, उभ्याने लोळायची घाई नको, शेजारचा किती सफाईने करतोय ते बघून तर अजिबातच नको. मागे पडताना मानेवरून सरळ जायचं नाही, एका खांद्यावरून जायचं. शिहोनागे आणि इरिमीनागे या दोन थ्रोंमध्ये डोक्याचा मागचा भाग आपटायचा धोका सगळ्यात जास्त, तेव्हा हे दोन्ही हळू घ्या आणि पार्टनरला स्पष्ट सांगा की मी नवीन आहे. चांगला सीनियर ऐकतो. न ऐकणारा भेटला तर नम्रपणे पार्टनर बदला, यात कसला अपमान नाही.

आता टॅप करणं, म्हणजे ठोकून थांबायची खूण देणं. निक्यो हा मनगटाचा पेच नीट लागला की मनगटातून वीज गेल्यासारखं होतं आणि गुडघे आपोआप खाली येतात, तेव्हा दुखायच्या आधी टॅप करा, दुखल्यावर नाही. मॅटवर, स्वतःच्या मांडीवर किंवा समोरच्याच्या अंगावर दोनदा ठोकायचं, दोन्ही हात अडकले असतील तर पाय आपटायचा नाहीतर सरळ तोंडाने थांब म्हणायचं. तोमिकी ही एक शाखा सोडली तर आयकीडोत स्पर्धा जवळजवळ नसतातच, मग सहन करून दाखवायचं कुणाला? तरी लोक दाखवतात, विशेषतः जिममधून आलेले.

गुडघ्यांबद्दल फार कमी बोललं जातं, खरं तर वर्षानुवर्षं करणाऱ्यांची रड तीच असते. सेइझामध्ये म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर बसणं, शिक्को म्हणजे गुडघ्यांवर चालणं, आणि बसून करायचे सुवारी वाझा, हे सगळं गुडघ्याला महाग पडू शकतं. मांड्या आणि घोटे ताणले जाणं चालतं, पण सांध्याच्या आत टोचल्यासारखं झालं की थांबा आणि सेन्सेईंना (गुरूंना) विचारून तेच तंत्र उभ्याने करा. दुसरं म्हणजे तेनकान म्हणजे एका पायावर गर्रकन वळताना कंबर वळते आणि अनवाणी पाऊल मॅटला चिकटून राहतं, मग पीळ बसतो तो गुडघ्यालाच. पाऊल कमरेबरोबर वळलं पाहिजे. पँटच्या आत पातळ नीपॅड घातलेत तर कुणी हसत नाही.

गियरवर सुरुवातीला पैसे घालवू नका. पहिले काही क्लास फुल ट्रॅकपँट आणि लांब बाह्यांचा टीशर्ट, चेन-बटणं नसलेला, एवढं पुरतं. टिकणार असं वाटलं की सिंगल वीव्ह (एकेरी विणीचा) ज्युडो गी, म्हणजे सरावाचा पोशाख, घ्या, कराटेचा पातळ असतो आणि कपडा पकडून करायच्या तंत्रांत उसवतो. कॉटन आटतं, तेव्हा थोडा मोठा. घालताना डावी बाजू वर, उलट घातलात तर जपानी रिवाजात ते प्रेताचं नेसणं. हाकामा बऱ्याच डोजोत (सरावाच्या जागी) शोदान म्हणजे पहिला ब्लॅक बेल्ट झाल्यावरच मिळतो, काही ठिकाणी आधी चालतो, विचारल्याशिवाय घेऊ नका.

आता लाकूड. आयकीडोचे संस्थापक मोरिहेई उएशिबा (1883–1969) 1942 मध्ये जपानमधल्या इवामा गावी राहायला गेले, तिथे त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मोरिहिरो साइतोंनी बोक्केन (लाकडी तलवार) आणि जो (लांब काठी) यांचा अभ्यासक्रम बांधला, 7 केन सुबुरी आणि 20 जो सुबुरी, म्हणजे तलवारीचे 7 आणि काठीचे 20 एकट्याने घोटायचे वार. म्हणून इवामा परंपरेच्या डोजोत हत्यारं लवकर हातात येतात, बाकी ठिकाणी उशिरा. बोक्केन साधारण 102 सेंटीमीटर, जो 128च्या आसपास, लाकडी तांतो (खंजीर) 30. लाकूड ओकचं घ्या, पांढरं असेल तर उत्तम, आणि रेषा टोकापासून मुठीपर्यंत सरळ धावतात का ते बघा, मध्येच तिरक्या बाहेर पडत असतील तर ठेवून द्या. शोभेची चकचकीत पॉलिशवाली तलवार एकट्याने फिरवायला ठीक, पण जोडीने लाकडावर लाकूड आपटायला लागलात की तिचं टोक तुटून कुणाच्या तरी डोळ्याकडे उडू शकतं.

क्लासच्या आधी बोक्केनवरून जुना सुती मोजा फिरवा, धागा अडकला तिथे तूस किंवा चीर आहे. तूस असेल तर पॉलिशपेपर मारून जवसाचं तेल चोळा (तेलाचं फडकं गोळा करून टाकू नका, पसरून वाळवा, ते आपोआप पेट घेऊ शकतं). चीर असेल तर बोक्केन बाद, चिकटपट्टी वगैरे नको. भिंतीला तिरकं टेकवून ठेवलं की वाकतं, आडवं सपाट ठेवा.

पकड डाव्या हाताच्या करंगळीची आणि अनामिकेची, तर्जनी सैल. मूठ आवळून सुबुरी मारत बसलात की आठवड्याभरात कोपर बोलायला लागतं. हजार मारण्यापेक्षा थोडे मारा, पण प्रत्येक वार एकाच उंचीवर थांबतोय का बघा, कपडे वाळवताना पिळतो तसा मुठीतून थांबवायचा, खांद्याने ओढून नाही. आणि उचलायच्या आधी मागे आणि वर बघा, मागे माणूस असतो, वर दिवा.

मनगट लचकलं असेल तर सूज उतरेपर्यंत मॅटवर जाऊ नका, पण क्लासला जा आणि कडेला बसून बघा, याला मितोरी गेइको म्हणतात, आणि बघताना पायांकडे बघा, हातांकडे सगळेच बघतात. नखं मात्र दर वेळी कापून जा, अंगठी-कडं काढून ठेवा, आणि घामाचा गी रात्रभर बॅगेत ठेवू नका, गजकर्ण मॅटवरून सगळ्या क्लासला होतं आणि मग कुणी तुमचा पार्टनर व्हायला तयार होत नाही.